सहाव्या वर्षी येणारी दाढ

गेल्या महिन्यातली आमच्या शाळेची पालकसभा दीड तास चालली आणि त्यातला सव्वा तास एकाच विषयावर गेला. एका दंत महाविद्यालयाने पहिली-दुसरीच्या मुलांच्या दाढांना फुकट सीलंट लावून देण्याची तयारी दाखवली होती आणि त्यासाठी पालकांच्या सह्या हव्या होत्या. सीलंट म्हणजे दाढेच्या चावायच्या बाजूला ज्या खोल खाचा असतात, त्यांत भरायचा पातळ लेप. सुई नाही, कोरणं नाही, एका दाढेला पाच-सात मिनिटं. मला वाटलं होतं सह्या होतील आणि चहा होईल. पण सभेत दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, मुलांचं गोड बंद करा, दोन वेळा दात घासायला लावा. आईबापांनी लक्ष दिलं तर असले लेप लागतीलच कशाला? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, चांगल्या दातांना हात लावायचं कारणच काय. आज फुकट लावतील, उद्या दुरुस्तीसाठी दवाखान्यात बोलावतील, आणि पोरांच्या तोंडात प्लास्टिक जाईल ते वेगळंच. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या. ज्या दाढेबद्दल हे सगळं चाललं होतं, तिचं नाव मात्र कुणी काढलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलाला सहाव्या वर्षाच्या आसपास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेच्या खाचा शाळेतच, सरकारी खर्चाने, कीड लागायच्या आत बंद केल्या पाहिजेत. पालकांच्या शिस्तीवर किंवा डॉक्टरांच्या हेतूवर कितीही वाद घातला तरी या कामाची गरज कमी होत नाही. पंचवीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवते आहे. दाढ दुखते म्हणून गालाला हात लावून बसलेली मुलं मी दरवर्षी पाहते, आणि दरवर्षी ती आपल्याकडे दोन वर्षं उशिराने येतात.

ही दाढ येते तेव्हा घरात कुणाला पत्ता लागत नाही. पुढचे दात पडतात, खिंडार दिसतं, आजी हसते, पडलेला दात कौलावर फेकला जातो. पहिली कायमची दाढ मात्र कुठलाही दात पाडून येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, हिरडीतून हळूच वर येते. वर दोन, खाली दोन. पूर्ण वर यायला तिला महिने लागतात. तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा बुटकी असते, अर्धी हिरडीखाली असते, ब्रश तिच्यावरून निघून जातो. तिचं आवरणही अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. म्हणजे आयुष्यभर चावण्याचा सगळ्यात जास्त भार जिच्यावर पडणार, ती दाढ तिच्या सगळ्यात कच्च्या दिवसांत सगळ्यात दुर्लक्षित असते. तीन वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत खिचडी एकाच बाजूने चावायची. दुसऱ्या बाजूला आईने लवंग धरायला दिलेली. मी मोबाइलच्या उजेडात पाहिलं. खालच्या दाढेत मधोमध काळं भगदाड होतं आणि त्यात भाताचं शीत अडकलं होतं. आईला बोलावलं तर ती म्हणाली, "पडंल की बाई, दुधाचीच हाय." दुधाची नव्हती. दिवाळीनंतर ती दाढ काढावी लागली. मुलगी नऊ वर्षांची होती, आणि त्या जागी आता दुसरी दाढ येणार नाही.

भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर पाहणी केली होती. बारा वर्षांच्या मुलांपैकी ५३.८ टक्के मुलांना दातांची कीड आढळली. पाहणी जुनी आहे, पण पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याने तेव्हापासून खेड्यात जी मजल मारली आहे ती पाहता आकडा सुधारला असेल असं मला वाटत नाही.

आता शिस्तवाल्यांचं म्हणणं. त्यातलं पुष्कळ खरं आहे. साखर नसेल तर कीड जवळजवळ लागत नाही. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल दाताचं आवरण विरघळवतं, यात वाद नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेत १९४०च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घालून हे पाहिलं गेलं. बोलू न शकणाऱ्या माणसांचे दात किडवून मिळवलेलं ते ज्ञान आहे, त्याची लाज वाटायलाच हवी. पण साखर किती खाल्ली याहून जेवणांच्या मध्ये किती वेळा खाल्ली हे जास्त नडतं, हे त्यातून कळलं. राज्य सरकारने २०२३ मध्ये स्वच्छ मुख अभियान हाती घेतलं आणि सचिन तेंडुलकर यांना त्याचे स्माइल अ‍ॅम्बॅसेडर केलं, ते चांगलंच झालं. मी स्वतः वर्गात ब्रश करून दाखवते. फ्लोराईडची टूथपेस्ट, रात्री झोपताना घासणं, मशेरी पोरांच्या हाती न लागू देणं, यातलं काहीच सीलंटमुळे रद्द होत नाही.

पण ब्रशची एक मर्यादा आहे आणि ती शिस्तीने ओलांडता येत नाही. दाढेच्या खाचा कित्येकदा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात. वरून रेघ दिसते, आत बाटलीसारखी पोकळी असते. जिथे केस शिरत नाही तिथे जंतू शिरतात आणि पेजेसारखा बिस्किटाचा लगदाही शिरतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या सांगण्यानुसार कायमच्या दातांतल्या दहापैकी नऊ किडी मागच्या दाढांत होतात. सगळीकडे सारखीच पेस्ट आणि सारखाच ब्रश फिरत असताना कीड नेमकी तिथेच का लागते? फ्लोराईडसुद्धा दाताच्या गुळगुळीत बाजूंना जेवढं तारतं तेवढं या खाचांना तारत नाही. शेजारच्या वस्तीवरचा मुलगा सकाळी चहात बिस्किट बुडवून शाळेत येतो, कारण त्याची आई सहाला खुरपायला जाते. तिला कोणत्या तोंडाने सांगायचं की तुझ्या बेशिस्तीने पोराची दाढ गेली? आणि समजा ती बेशिस्त असलीच, तर त्याची शिक्षा सहा वर्षांच्या पोराच्या दाढेने का भोगायची?

या वादावरून मला नारू, म्हणजे अंगातून बाहेर निघणारा तो लांब जंत, आठवतो. माझ्या लहानपणी माझ्या आत्याच्या पायातून नारू निघाला होता. काडीला गुंडाळून रोज बोटभर, असा कितीतरी दिवस तो बाहेर काढत होते. ती ओसरीवर पाय पसरून बसायची आणि आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही. नारू पाण्यातून येतो हे गावाला माहीत होतं. पाणी गाळून प्या हे सांगणं चालू होतं, फडकी वाटली गेली होती. पण नारू नुसत्या सांगण्याने गेला नाही. नारूचा माणूस पायऱ्या उतरून विहिरीत पाय बुडवायचा आणि तिथूनच रोग सगळ्या गावात जायचा. म्हणून त्या पायऱ्यांच्या विहिरी बंद केल्या, कठडे घालून पोहऱ्याच्या केल्या, हातपंप बसवले. देशातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये जोधपूरकडे सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. तेव्हा कुणी म्हणालं का, की लोक नीट पाणी गाळत नाहीत म्हणून पायऱ्या बुजवायच्या नाहीत? रोग कुठून शिरतो ती जागा सापडली, ती जागा बंद केली. दाढेची खाच ही तशीच जागा आहे.

दुसऱ्या तटाचा संशय मला जास्त समजतो. चांगल्या दाताला हात का लावायचा, हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. दंतवैद्यकाच्या इतिहासानेच तो शिकवला आहे. १९२३ मध्ये हायट नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने सुचवलं होतं की खाचा किडणारच आहेत, तर किडायच्या आधीच त्या कोरून चांदी भरून टाकावी. म्हणजे निरोगी दात कापायचा, कारण तो कधीतरी आजारी पडेल. सीलंटची गोष्ट उलटी आहे. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवलं की फॉस्फरिक आम्लाने दाताचं आवरण काही सेकंद खरखरीत केलं तर त्याला राळ घट्ट चिकटते, आणि सीलंटचा लेप सहसा या राळेचाच असतो. रंग देण्यापूर्वी धातूच्या पत्र्यावर आम्ल फिरवतात, त्या कारखान्यातल्या रीतीवरून त्यांना हे सुचलं. कापायचं काही नाही. लेप निघाला तर दात होता तसाच राहतो, आणि लेप निघून गेलेली दाढ कधीच लेप न लावलेल्या दाढेपेक्षा जास्त किडत नाही, हेही तपासलं गेलं आहे.

"आत कीड राहिली आणि वरून बंद केलं तर?" सभेतला हा सगळ्यात चांगला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. कोंडलेल्या जंतूंची उपासमार होते, हे त्याचं उत्तर. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तर किडलेल्या दाढांवरच वरून पक्का थर देऊन दहा वर्षं लक्ष ठेवलं, आणि जिथे थर टिकला तिथे कीड पुढे सरकली नाही. याचा अर्थ मोठी भगदाडं झाकून टाकावीत असा नाही. पण नजरेतून निसटलेल्या सुरुवातीच्या किडीपायी सगळी मोहीम थांबवायचं कारण नाही. प्लास्टिकचं म्हणाल तर राळेच्या लेपातून बीपीए नावाचं, प्लास्टिक बनवताना वापरतात ते द्रव्य अगदी नाममात्र सुटतं. अमेरिकेच्या दंतवैद्य संघटनेने २०१६ मध्ये बारा सीलंट तपासले आणि सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात अन्नपाण्यातून जेवढं बीपीए जातं त्यापेक्षा हे कमी भरलं. तरी ज्याला राळ नकोच, त्याच्यासाठी ग्लास आयोनोमरचा लेप आहे. तो राळ नव्हे, त्यातून फ्लोराईड सुटतं आणि दाढ थोडी ओलसर असली तरी तो धरतो.

पैशाच्या संशयात मात्र तथ्य आहे, आणि मी ते मान्य करते. शहरातल्या खासगी दवाखान्यात नीट घासणाऱ्या, क्वचित गोड खाणाऱ्या मुलाच्या आठ-आठ दाढांना लेप लावून बिल करणं होतं. कॉक्रेन संस्थेने २०१७ मध्ये जगभरच्या चाचण्या एकत्र तपासल्या. दोन वर्षांत शंभरपैकी सोळा दाढा किडणाऱ्या मुलांत सीलंटमुळे किडणाऱ्या दाढा पाचेक उरतात. शंभरपैकी सत्तर किडणाऱ्या मुलांत त्या एकोणीसच्या आसपास येतात. म्हणजे पहिल्या गटात अकरा दाढा वाचल्या, दुसऱ्यात एक्कावन्न. लेप तोच, पण तो लावला कुणाला यावर त्याची किंमत ठरते. आज आपल्याकडे तो नेमका उलट्या टोकाला लागतो, ज्यांना अकराचा फायदा आहे त्यांना. डॉक्टर धंदा करतील या भीतीने सरकारी शाळेतला फुकटचा लेप नाकारला, तर धंदा थांबत नाही. आपली एक्कावन्नातली पोरं तेवढी बाहेर राहतात.

खरा अडचणीचा मुद्दा सभेत निघालाच नाही, म्हणून मीच काढते. ब्रिटनमधल्या साउथ वेल्समध्ये सहा-सात वर्षांच्या हजारभर मुलांवर चाचणी झाली. निम्म्यांना सीलंट, निम्म्यांना दर सहा महिन्यांनी फ्लोराईड वार्निशचा, म्हणजे दातांवरून फिरवायच्या फ्लोराईडच्या पातळ थराचा, हात. तीन वर्षांनी सीलंटच्या १९.६ टक्के मुलांना नवी कीड होती, वार्निशच्या १७.५ टक्के मुलांना. म्हणजे फरक नाही म्हटलं तरी चालेल, आणि वार्निश स्वस्त पडलं. न्यूयॉर्कच्या शाळांत आणखी पुढे जाऊन पाहिलं. सिल्व्हर डायमाइन फ्लोराईड या द्रवाचा नुसता बोळा फिरवला तरी दोन वर्षांत सीलंटइतकंच काम झालं, दोन्हींनी ऐंशी टक्क्यांच्या आसपास कीड टाळली. तोच द्रव आणि ग्लास आयोनोमर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले आहेत. मग सीलंटचाच हट्ट का?

हट्ट नाही. उद्या सरकार म्हणालं की आम्ही दर सहा महिन्यांनी प्रत्येक शाळेत वार्निश लावू, तर मी सगळ्यात आधी रजिस्टर घेऊन उभी राहीन. पण "दर सहा महिन्यांनी" हे तीन शब्द आमच्या भागात फार जड आहेत. माझ्या पटावरची अकरा मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. काही येतच नाहीत, दुसऱ्या गावच्या पटावर जातात. त्यांच्यापर्यंत सहा हात कोण पोचवणार? एकदा नीट लावलेला लेप मुलाबरोबर कोपीवर जातो, उसाच्या फडात जातो. तो तपासावा लागतोच, पण तपासणी चुकली म्हणून त्या दिवशीच निकामी होत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा हिशेब आहे की सीलंटने पहिली दोन वर्षं मागच्या दाढांतली ऐंशी टक्के कीड टळते आणि चार वर्षांपर्यंत पन्नास टक्के. शिवाय सिल्व्हरचा द्रव किडलेला भाग काळा करतो. तो डाग मुलीच्या तोंडात चालवून घ्यायला किती आईबाप तयार होतील, हे मला माझ्या गावातच विचारून बघायला हवं. या तीन-चार उपायांत कुठला कुठे घ्यायचा यावर दंतवैद्यांनी जरूर भांडावं. आमच्या मुलांच्या तोंडात आज यातला एकही नाही.

पाण्यात फ्लोराईड घाला असं म्हणणारेही भेटतात. १९४५ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने ते सुरू केलं आणि तिथे गुण आला. पण यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात मुळातच फ्लोराईड जास्त आहे आणि पोरांचे दात पिवळे-तपकिरी होतात. आपल्याकडे हा उपाय सरसकट चालायचा नाही.

मग काय आहे आपल्याकडे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची सुरुवात आपल्याच पालघरला झाली. वर्षातून एकदा गाडी शाळेत येते, दोन डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता. मुलांची उंची-वजन, डोळे, कान, हृदय पाहतात. तपासायच्या यादीत दातांची कीडही आहे. मी या पथकांबद्दल आदराने बोलते, कारण माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या हृदयातलं छिद्र त्यांनी शोधलं आणि त्याचं ऑपरेशन फुकट झालं. पण दातांच्या बाबतीत काय होतं? तोंड उघडलं, कीड दिसली, रकान्यात खूण झाली, "संदर्भित" लिहिलेली चिठ्ठी हातात. उपजिल्हा रुग्णालय बत्तीस किलोमीटरवर. आईचा एक दिवसाचा रोज बुडणार, एसटीचं तिकीट, रांग, आणि डॉक्टर दुसऱ्या दिवशी बोलावणार. ती चिठ्ठी दप्तरात चुरगळते. पुढच्या वर्षी तीच दाढ, तीच खूण. किडलेल्या दाढा मोजण्याचं काम आपण चोख करतो आहोत.

याच भेटीत दुसरी आणि सातवीच्या मुलांच्या दाढा बंद करायला काय लागेल? सातवी एवढ्यासाठी की दुसरी कायमची दाढ बाराव्या वर्षी येते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या शाळेत मी हे काम पूर्ण वेळ उभी राहून पाहिलं आहे. दोन बाकं जोडलेली, उशीला घडी केलेली सतरंजी, मुलगा उताणा. एक शिकाऊ डॉक्टर कपाळाला दिवा लावून, दुसरी कापसाच्या सुरळ्या धरून. दाढ घासली, निळं जेल लावलं, वीसपर्यंत मोजलं, धुतलं, सुकवलं. मग ती दाढ खडूसारखी पांढरीफटक दिसायला लागली. ती तशी दिसली तरच लेप धरतो. इतक्यात पोराने जीभ हलवली, दाढ ओली झाली, आणि त्या मुलीने न चिडता सगळं पहिल्यापासून केलं. मग थेंबभर लेप, बॅटरीवरचा निळा दिवा, पुन्हा वीस. बाहेर रांगेतली पोरंही मोठ्याने वीस मोजत होती. जिथे तोंड कोरडं राहत नाही, दाढ अर्धीच वर आली आहे, तिथे ग्लास आयोनोमर बोटाने दाबून भरला. त्याला तर दिवाही लागला नाही.

घाई केली तर हे काम वाया जातं, हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. एका दिवसात तीनशे मुलं उरकून बॅनरसमोर फोटो काढायचा असेल तर येऊच नका. थुंकी लागलेल्या दाढेवरचा लेप आठवड्यात निघतो, आणि मग गावात कायमचं नाव खराब होतं. पण म्हणूनच हे काम दानशूर शिबिराच्या ऐवजी सरकारी वेळापत्रकात हवं: ठरलेली इयत्ता, ठरलेल्या चार दाढा, जोडीने काम, पुढच्या भेटीत तपासणी, निघालेला लेप पुन्हा. माणसं नाहीत असं कुणी म्हणू नये. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयं आहेत, आपल्या राज्यात मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी आहेत, खासगी तर कितीतरी. आंतरवासितेतली मुलं-मुली गावात यायला तयार असतात. मी पाहिली आहेत. त्यांना गाडी, सामान आणि शाळांची यादी देणारं कुणीतरी हवं. पोलिओच्या डोसाला आपण वाडी-वस्ती, वीटभट्टी, एसटी स्टँड धुंडाळलं, तेव्हा पालकांनी स्वतःहून दवाखान्यात यावं असं म्हणत बसलो नव्हतो.

सभा संपल्यावर सतरंज्या गोळा करत होते, तेव्हा 'प्लास्टिक, प्लास्टिक' म्हणणारा पालक दारात थांबलेला दिसला. त्याची मुलगी दुसरीत आहे. म्हणाला, "बाई, आमच्या पोरीची आली असंल का हो ती दाढ?" मी मोबाइलचा दिवा लावला. मुलीने आ केला. शेवटच्या दुधाच्या दाढेमागे मोठी, स्वच्छ पांढरी दाढ होती, मागचा कोपरा अजून हिरडीखाली, आणि मधल्या खाचेत बिस्किटाचा पिवळा लगदा बसलेला. मी त्याला वाकून बघायला सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने बोट घालून हळूच तो लगदा काढायचा प्रयत्न केला. वरचा निघाला, खाचेतला निघाला नाही. फॉर्म त्याने घडी करून खिशात ठेवला आणि सोमवारी सही करून आणून दिला. बेचाळीसपैकी एकोणतीस फॉर्म आले आहेत. उरलेल्या तेरा घरी मी या शनिवारी जाणार आहे.